तुरीत सापडलेला गुब्बारा

रशीद, आज मी बोलणार आणि तू ऐकणार. मास्तर मी असलो तरी आपल्या दोघांत बोलायचा मक्ता कायम तुझ्याकडे राहिला. मी मध्ये तोंड घातलं की तू म्हणायचास, "थांब ना बे किसन्या, शाळा सुटली तुझी." तुला माती देऊन आज बेचाळीस दिवस झाले. चाळिसाव्याला अकोल्याला आलो होतो. भाभींनी समोर बसवून जेवू घातलं आणि मी जेवलो. दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा नको म्हणालो नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला फार भूक लागली होती.

तुला एक गोष्ट सांगायची होती. गेली पाच वर्षं सांगायची होती. बडनेऱ्यापलीकडच्या त्या खेड्यातला गोठा आपल्या उडत्या कागदी गुब्बाऱ्याने जाळला, असं समजून तू गेलास. तुझ्या गुब्बाऱ्याने काही जाळलं नव्हतं. मला हे माहीत होतं. त्याचा लेखी पुरावा माझ्या ट्रंकेत होता आणि मी तो तुला दाखवला नाही. आता कितीही मोठ्याने सांगितलं तरी तुला ऐकू जायचं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. मास्तरकी केलेल्या माणसाला दुसरं येतं काय?

गुब्बाऱ्यांचं वेड तुला कुठून लागलं, हे तू कधी धड सांगितलं नाहीस. एकदा म्हणालास अब्बांकडून, एकदा म्हणालास ताजनापेठेतल्या कोणा पतंगवाल्याकडून. मी टोकलं तर म्हणालास, "दोनीबी खरं हाये, तू मधात बोलू नको." अकोल्याच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. मी मॅट्रिक होऊन अमरावतीला मास्तर झालो आणि तू अब्बांच्या दुकानात बसून जिल्दसाज झालास. कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळांच्या हजेऱ्या, कुराण, पोथ्या, सगळं तू एकाच दाभणाने शिवायचास. पुठ्ठाबांधणीतून वेळ उरला की पतंगी कागदाच्या लांब पाकळ्या कापायच्या आणि त्या मोरचूद घातलेल्या खळीने एकमेकींना चिकटवायच्या. खाली बांबूच्या कामटीचं कडं, कड्यात तारेची फुली, फुलीवर रॉकेलात भिजवलेला चिंध्यांचा बोळा. बोळा पेटला की माणसाहून उंच कागद आभाळात चढतो, हे मी दरवर्षी पाहिलं आणि दरवर्षी मला ते पटायला वेळ लागला.

दिवाळी झाली की त्या आठवड्यात अमरावतीच्या मैदानावर गुब्बारेवाले जमायचे. अकोटच्या जिनातले मिस्त्री यायचे, बडनेऱ्याचे रेल्वेतले फिटर यायचे, चांदूर रेल्वेचा एक कापडदुकानदार सहकुटुंब यायचा. सूर्य मावळताना वारा पडतो, तेवढ्या अर्ध्या तासात सगळ्यांची धांदल. कडब्याचा धूर, माणसांचं खोकणं, "धर, धर, सोड!" चा ओरडा. पण कोणाचा उंच गेला हे तिथे कोणी विचारत नसे. प्रत्येक गुब्बाऱ्याला एक पोस्टकार्ड बांधलेलं असायचं. ज्याला सापडेल त्याने आपल्या गावाचं नाव लिहून ते पेटीत टाकायचं. संक्रांतीपर्यंत ज्याचं कार्ड सगळ्यांत लांबून येईल तो जिंकला. म्हणजे जत्रा एका संध्याकाळची आणि निकालाला दोन महिने. तोवर सगळे आपापल्या गावी पोस्टमनची वाट अडवून उभे.

तुझ्या कार्डावर पत्ता माझा असायचा. वर तू उर्दूत दोन ओळी लिहायचास आणि खाली मी मराठीत लिहायचो, 'ज्यास हा फुगा सापडेल त्याने कृपया गावाचे नाव लिहून कार्ड पेटीत टाकावे.' ते कृपया तुला खपत नसे. "कृपया काहून? गुब्बारा त्याच्या दारात चालत गेला. शुक्रिया त्यानं लिहाले पाहिजे." यावर आपण मैदानात, लोकांसमोर, कडं हातात धरून भांडलेलो आहोत.

आलेली कार्डं आणि परत मिळालेली जळकी कडी तू दुकानावरच्या खोलीत मांडून ठेवली होतीस. नागपूरच्या म्युझियमला अजब बंगला म्हणतात, त्यावरून तिला तू अजब बंगलाच म्हणायचास. मी सौ.ला घेऊन पहिल्यांदा पाहायला आलो तेव्हा तू जिन्यात आडवा उभा राहिलास. "वहिनी, आज वारा कुठचा?" तिने पदर सावरून खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, मोर्णा नदीकडून. तिला तू वर सोडलंस. मी म्हणालो उत्तरेचा, तर मला खाली पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसवलंस, कारण माझं उत्तर भूगोलाच्या पुस्तकातलं होतं. थोड्या वेळाने मलाही वर सोडलंस. एका भिंतीला कार्डं, गावांच्या दिशेने लावलेली. दुसरीला कडी, प्रत्येकाखाली चिठ्ठी. उर्दू तुझी, मराठी माझी. 'अकोटजवळ बाभळीवर.' 'विहिरीत पडला, पाणी चढेपर्यंत पोहत होता.' 'लग्नाच्या मांडवात उतरला, वऱ्हाड्यांनी नारळ फोडला.' कधी गंभीर होऊन, कधी हसून तू सगळ्यांचं सांगत होतास. सौ. घरी येऊन म्हणाली, तुमच्या मित्राला लेकरं नाहीत असं वाटत नाही. तुला मी हे कधी सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली आणि वस्तीत वाचनालय काढलं. पुस्तकं जमली, पण सगळी फाटकी. तू रविवारी पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरलास, डोक्यावर ट्रंक. ट्रंकेत शेगडी सोडून दुकानातलं सगळं सामान होतं. दोन दिवस आमच्या ओट्यावर बसून तू एकेक पुस्तक बांधलंस आणि प्रत्येकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकलीस. तेव्हा शाळेतल्या काही मंडळींनी माझ्या हातचा चहा घेणं बंद केलं होतं. तू त्या दोन दिवसांत अठरा कप प्यालास, मोजून, आणि प्रत्येक कपाला म्हणालास, "साखर कमी टाकते तुझी बायको." वस्तीतली माणसं अजून ती पुस्तकं उघडताना हात पुसतात.

अशा माणसाशी मी काय केलं, ते आता लिहितो.

पाच वर्षांमागच्या त्या दिवाळीनंतर मैदानावर संध्याकाळी वारा पडला नाही. मी तुला म्हणालो, "रशीद, आज राहू दे. वारा बडनेऱ्याकडे हाये. तिकडे कडब्याच्या गंज्या लागल्या हायेत."

तू कडं सोडलं नाहीस. "खालचा वारा लबाड असते किसन्या. तो फकस्त दाराबाहीर काढून देते. वर गेला का गुब्बारा दुसराच वारा धरते."

"तू वर गेलता काय पाह्याले?"

"तू त खालीबी कधी पाह्यलं नाई."

सगळे हसले. माझ्या वर्गातल्या पोट्ट्यांचे बाप होते तिथे, तेही हसले. तू नेहमीसारखाच बोलला होतास, त्यात काही नवं नव्हतं. पण त्या दिवशी मला ते लागलं. तुझा गुब्बारा चढला, बडनेऱ्याच्या अंगाला झुकला, धुळीत ठिपक्याएवढा झाला आणि दिसेनासा झाला. बाकीच्यांचे वारा फिरण्याआधीच दुसरीकडे गेले होते. तिकडे गेलेला एकटा तुझा.

सकाळी आमच्या घरी तू बशीत चहा ओतून पीत होतास. दूधवाला आला आणि म्हणाला, बडनेऱ्याच्या पुढे एक गोठा जळाला, एक कालवड गेली. तू बशी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, "मी म्हटलंच होतं." तोंडावर दुःख आणून म्हणालो, पण आत कुठेतरी मला बरं वाटलं होतं, रशीद. एक कालवड जळून मेली होती आणि मला बरं वाटलं होतं.

तू टोपी घेतलीस आणि निघालास. मी सोबत आलो नाही. दिवेलागणीला परत आलास तेव्हा तुझे पाय धुळीने भरलेले. ओट्यावर बसून म्हणालास, "त्याईनं मले पानी पाजलं. मी म्हनलं का तुमचा गोठा मी जाळला, अन त्याईनं मले पानी पाजलं, किसन्या." आणि रडलास. तुला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर तू गुब्बारा केला नाहीस. महिन्यातून एका रविवारी अकोल्याहून पॅसेंजरने यायचं, बडनेऱ्याला उतरून त्या खेड्यापर्यंत चालत जायचं, संध्याकाळी माझ्याकडे. पहिल्या चार खेपांत तू त्यांच्यासोबत गोठा उभा केलास. पुढे लेकरांना वह्या बांधून न्यायला लागलास, त्या घरच्या म्हाताऱ्यासाठी तंबाखू. अमरावतीचे गुब्बारेवाले म्हणाले, अरे, कोणी तुझ्यावर आळ घेतला नाही, तूच काय घेऊन बसलास? तू म्हणालास, "आळ कोनी काहून घेईन? मीच सांगतलं ना."

संक्रांत झाली, निकाल लागला, कोणीतरी जिंकलं. नंतर, फेब्रुवारीत, पोस्टमनने मला एक कार्ड दिलं. माझंच अक्षर, तुझ्या उर्दू ओळी, कोपऱ्यात आपण टाकलेला त्या वर्षाचा आकडा. मेणकापडाच्या पिशवीत तू ते शिवलं होतंस म्हणून शाबूत राहिलं. चांदूर रेल्वेच्या वाटेवरच्या एका खेड्याचं नाव होतं आणि कोणीतरी कष्टाने लिहिलं होतं, 'तुमचा फुगा आमच्या तुरीत होता. तूर कापताना सापडला. कागद दहिवराने विरला पण जळला नाही. बोळा विझून गेलता. कडं पोट्टे खेळून राहिले, ते भेटनार नाही.'

मी ते कार्ड तीनदा वाचलं. मैदानापासून बडनेरा एकीकडे आणि ते खेडं दुसरीकडे. तुझा गुब्बारा वर जाऊन वळला होता. तू म्हणाला होतास तसाच.

तेव्हा लगेच अकोल्याची गाडी पकडायला हवी होती. निदान येत्या रविवारी तरी कार्ड तुझ्या हातात द्यायला हवं होतं. रविवारी तू आलास. कार्ड माझ्या कोटाच्या खिशात होतं. तू खेड्यातल्या गोठ्याच्या छपराला कवेलू कसे बसवले ते सांगत होतास, आणि मी मनात म्हणत होतो, आता काढावं. मग मला मैदानावरचं हसणं आठवलं. हे कार्ड दिलं की तू ते घेऊन साऱ्या गुब्बारेवाल्यांकडे जाशील आणि सगळ्यांना सांगशील, मास्तराला वारा कळत नाही. म्हटलं, पुढच्या खेपेला देऊ. पुढच्या खेपेला वाटलं, महिनाभर कुठे होतं विचारशील तर काय सांगू? तिसऱ्या महिन्यात कार्ड ट्रंकेत गेलं. खोटं बोलायला फार काही करावं लागत नाही, नुसता रविवार जाऊ द्यावा लागतो.

उन्हाळ्यात मी अकोल्याला आलो तेव्हा तू मला अजब बंगल्यात नेलंस. जिन्यात वारा विचारला नाहीस. कार्डांच्या भिंतीखाली एका पाटावर अर्धा जळालेला खुंटा ठेवला होता. कालवड बांधायचा. तू तो त्यांच्याकडून मागून आणला होतास. "मराठी तू लिही," म्हणालास. "काय लिहू?" "लिही, हे रशीदनं जाळलं." मी म्हणालो, इतकं कशाला, नुसतं जळालेला खुंटा लिहू. तू ऐकलं नाहीस. तू टाक पुढे केलास आणि मी लिहिलं. वळणदार अक्षरात, रेघ सरळ धरून. मला खरं माहीत असताना लिहिलं. सौ.लाही मी आजवर हे सांगितलेलं नाही.

चार वर्षं आणखी गेली. आपण भांडलो, हसलो, साखरेवरून, शाळेवरून, निवडणुकीवरून. वाऱ्याचं मात्र तू कधी काढलं नाहीस आणि मीही नाही. शेवटी तू आजारी पडलास. मी आलो तेव्हा भाभींनी तुला भिंतीला टेकवून बसवलं होतं. दम लागत होता. भाभी पाणी आणायला गेल्या आणि तू माझं मनगट धरलंस. "किसन्या, वरचा वारा अलग असते ना बे?" तू वाद घालत नव्हतास. लहान पोर विचारतं तसं विचारलंस. एवढी सोपी वेळ माणसाला मिळत नाही. मी हो म्हणायला हवं होतं, सगळं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "तू बोलू नको, आराम कर." पाच दिवसांनी तुझ्या दुकानातल्या पोराची तार आली.

तुझ्या कबरीवर मीही तीन मुठी माती टाकली. सगळ्यांनी मला वाट करून दिली, म्हणाले, त्याचा जिगरी दोस्त आहे. मी मान खाली घालून उभा होतो आणि लोकांना वाटत होतं, दुःखाने.

परवा मी त्या खेड्यात गेलो. निदान तिथे तरी सांगावं म्हणून. म्हातारा तुझ्या हयातीतच वारला, तू मातीला गेला होतास. आता घर पार्बताबाई चालवते, त्याची सून. कपाशीच्या वेचाईचे दिवस, ती वावरातच होती. मी नाव सांगितल्यावर, तुझ्या तोंडून ऐकलेलं असणार, तिने ओटीतला कापूस गाठोड्यावर रिता केला, "जयभीम मास्तर," म्हणाली आणि धुऱ्याच्या बांधावर बसायला पोतं टाकलं. तुझी बातमी तिला लागली होती. लेकरं दोन दिवस जेवली नाहीत म्हणाली.

मी सुरुवात केली. "बाई, तुमचा गोठा रशीदनं जाळला नव्हता."

"मले मालूम हाये," ती म्हणाली.

 ती हातातल्या बोंडातला कापूस सोडवत बोलत होती. "गोठ्यात राकेलची चिमनी मीच ठेवली होती. कालवडीनं लाथ मारली. मी एकलीच होती तिथं, मीच पाह्यलं. परक्या घरची सून मी. सासऱ्याले काय सांगू? रातभर विचार केला का आता हा मानूस मले जीत्ता ठेवत नाई. अन सकाळी रशीदभाऊ आले, टोपी हातात घेऊन, म्हने मी जाळलं. मी दाराआड उभी होती. तोंडातून शबूद नाई निंघाला." पुढचं बोंड हातात घेऊन म्हणाली, "मंग सासरे गेले तवा सांगाचं मनात आलं. पन वाटे, सांगतलं त भाऊ येईन काय आमच्या घरी? माह्या पोराईले मामा म्हनाले तोच एक होता."

मग मी तिला कार्डाचं सांगितलं. कधी आलं, काय लिहिलं होतं, कुठे ठेवलं. काही लपवलं नाही.  तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच उलगडत नव्हतं.

"मले त सासऱ्याचं भेव होतं, मास्तर," ती म्हणाली. "तुमाले कोनाचं भेव होतं?"

 बाया ओट्या भरून धुऱ्याकडे यायला लागल्या होत्या. मी उठलो आणि बडनेऱ्याच्या वाटेला लागलो.

रशीद, मला तुझंच भेव होतं. तू बरोबर ठरशील, याचं.